वाय-फायची पाणपोई

मामांना पाणपोईवर पाणी पिताना एकदा बघावं. आधी ते पाणपोईची पाटी वाचतात. कुणाच्या तरी 'स्मरणार्थ' असेल तर पुढे होतात. नाव नसेल तर त्यांना पाण्याचाच संशय येतो. "नाव सांगायची ज्याला लाज वाटते, तो पाणी कुठून भरत असेल, सांग," असं ते मलाच विचारतात. मग साखळीला बांधलेला पेला उचलतात, उजेडाकडे धरून आत डोकावतात, दोनदा विसळतात, भरतात, मान मागे टाकतात आणि पेला ओठांपासून चार बोटं वर धरून घशात धार सोडतात. थेंब सांडत नाही, ठसका लागत नाही. पेल्याला तोंड लावून पिणारा माणूस त्यांच्या मते एकतर पाच वर्षांखालचा असतो, नाहीतर मुंबईचा.

मामा एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होते. सहीतली एक वेलांटी जरा जास्त वळली म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या सासऱ्यांचा चेक परत पाठवला होता. सासरे पुढे दहा वर्षं त्यांच्या घरी जेवायला बसले की आधी विचारायचे, "जावईबापू, वाढण्याआधी सही करून देऊ का?"

असा हा माणूस. पण फोनवर 'फ्री वाय-फाय' ही अक्षरं दिसली की त्याचा तोल जातो. तिथे पाटी वाचणं नाही, पेला विसळणं नाही. सरळ तोंड लावायचं आणि गटागटा प्यायचं.

"अरे, फुकट ते पौष्टिक," मामा म्हणतात. या म्हणीपुढे आमच्या घरात आजवर कुणाचं चाललेलं नाही.

शहरात चांगली मिसळ कुठे मिळते हे जसं काही ठरावीक माणसांना विचारावं, तसं फुकट वाय-फाय कुठे मिळतं हे मामांना विचारावं. त्यांचे ठोकताळे आहेत. भिंतीला प्लग, प्लगखाली माणूस आणि माणसासमोर तासाभरापूर्वी रिकामा झालेला कॉफीचा कप असं दृश्य दिसलं, की तिथे वाय-फाय आहे आणि बरं आहे. दवाखान्यातलं वाय-फाय रात्री चांगलं चालतं, कारण पेशंट झोपलेले असतात. पेशंटला भेटायला मामा म्हणून रात्रीच जातात. कपड्यांच्या दुकानातलं वाय-फाय ट्रायल रूमच्या दारापर्यंत येतं, आत येत नाही. हे त्यांनी तीन शर्ट घेऊन आत जाऊन तपासलंय. एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याशेजारी एक बाक आहे. त्याला आम्ही घरात 'मामांची शाखा' म्हणतो. वेळ अकरा ते पाच, रविवारी बंद.

मामी या सगळ्याला एकत्रितपणे 'वायफळ' म्हणतात. आणि तसं बघितलं तर मामी चुकत नाहीत. वाय-फाय म्हणजे 'वायरलेस फिडेलिटी' असं आपण क्विझमध्ये ठणकावून सांगतो, पण या नावाला मुळात काही अर्थच नाही. १९९९ साली काही कंपन्यांनी या बिनतारी तंत्राच्या प्रसारासाठी एक संघटना काढली. तंत्राचं कागदोपत्री नाव होतं 'आयईईई ८०२.११ बी'. ते नाव घेऊन दुकानात जायची कुणाची छाती झाली नसती. म्हणून त्यांनी 'इंटरब्रँड' नावाच्या कंपनीला गाठलं. नावं ठेवायचे पैसे घेणारी ही कंपनी. आपल्याकडे हे काम चाळभर फुकट होतं. त्यांनी 'हाय-फाय'च्या धर्तीवर 'वाय-फाय' काढून दिलं. बारशाला आत्याऐवजी सल्लागार बोलावला, की नाव जमतं आणि अर्थ राहून जातो.

आपल्याकडे फुकट वाय-फायचं सुवर्णयुग २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्टेशनावर सुरू झालं. रेल्वेची रेलटेल आणि गूगल यांनी मिळून ते आणलं आणि २०१८ च्या जूनपर्यंत अशी चारशे स्टेशनं झाली. मधल्या काळात, २०१७ च्या जानेवारीत, राज्य सरकारने मुंबईत पाचशे ठिकाणी 'आपले सरकार मुंबई वाय-फाय' सुरू केलं. एसटीच्या गाड्यांतही वाय-फायची पेटी आली. मामा केवळ त्या पेटीसाठी साताऱ्याहून पुण्याला एसटीने आले. कात्रजचा घाट येईपर्यंत ते ईमेल उघडायचा प्रयत्न करत होते. शेवटी कंडक्टरने समजावून सांगितलं, की आजोबा, या पेटीत इंटरनेट नाही. आधीच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी आहेत, ती फोनवर बघायची. मामांनी मग सिनेमा लावला. ऐन रंगात आला आणि स्वारगेट आलं. शेवट बघण्यासाठी परतीचं तिकीट काढायला निघालेल्या मामांना मी हाताला धरून घरी आणलं.

पण ज्या २०१६ मध्ये स्टेशनावरचं वाय-फाय आलं, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलचा डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने या योजनेतून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. कारण सरळ होतं : लोकांच्या खिशातच आता स्वस्त इंटरनेट आहे. म्हणजे ज्या वर्षी गावात पाणपोई उघडली, त्याच वर्षी घरोघरी नळ आले.

स्टेशनांवरची सोय मात्र रेलटेलने चालू ठेवली, वाढवलीही. सहा हजारांवर स्टेशनांत ती पोचली. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट. त्यापुढच्या वापराला २०२१ च्या मार्चमध्ये पैसे लागले, तेव्हा सर्वांत लहान पॅक होतं दहा रुपयांचं : एका दिवसाला पाच जीबी. मामांनी घरात जाहीर केलं, की दहा रुपये देणार नाही, फुकटचा अर्धा तासच वापरणार. पुढे ते रोज संध्याकाळी स्टेशनावर जाऊ लागले. आता प्लॅटफॉर्मवर बसायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. ते दहा रुपयांना मिळतं. मी हे लक्षात आणून दिल्यावर मामा जराही डगमगले नाहीत. "दोन्ही बाजूंना दहा. ताळा जुळला," असं म्हणून ते चपला घालू लागले.

मामांच्या स्वतःच्या फोनमध्ये रोजचा दीड जीबी डेटा असतो. त्यातला सव्वा जीबी रोज रात्री बाराच्या ठोक्याला वाया जातो. घरचा नळ धो धो वाहत ठेवून हा माणूस पेला शोधत गावभर हिंडतो. पण मी त्यांना हसावं अशी परिस्थिती नाही. परगावच्या हॉटेलात चावी हातात पडायच्या आधी मीही पासवर्ड विचारतो. फुकट वाय-फाय ही आपली गरज राहिलेली नाही, तो आपला छोटासा विजय आहे. गरजही कधी कधी खरी असते, नाही असं नाही. मॉलच्या तळघरात, दवाखान्याच्या आतल्या खोल्यांत मोबाइलची रेंज मरते. परदेशी विमानतळावर उतरल्यावर, सिमकार्ड मिळेपर्यंत, 'पोचलो' एवढं घरी कळवायला वाय-फायशिवाय गत्यंतर नसतं.

सरकारनेही पाणपोईचा नाद सोडलेला नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तिच्यात चहाची टपरी, किराणा दुकान, कुणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतं. लायसन्स नको, नोंदणीची फी नको. जुन्या पिवळ्या पीसीओची ही नात. नावही तसंच, पीडीओ. मामांना पीसीओचा काळ चांगला आठवतो. तेव्हा बाहेर उभं राहून काचेवर टकटक करता येत असे, की 'अहो, आवरा आता'. वाय-फाय अडवून बसलेल्या माणसाची काच कुठे असते, ते कळत नाही, ही त्यांची या योजनेवरची एकमेव हरकत.

तर मूळ मुद्दा. मामांना ठसका लागला, त्याचा.

गेल्या वर्षी एका मॉलमध्ये (नाव सांगत नाही, मामांना तिथे अजून बसायचं आहे) त्यांना यादीत दोन नावं दिसली. एक मॉलचं, आणि दुसरं त्याच नावापुढे 'फ्री फास्ट' जोडलेलं. नुसत्या फ्रीपेक्षा फ्री आणि फास्ट केव्हाही चांगलं, म्हणून मामांनी दुसरं निवडलं. मॉलचं चित्र असलेलं पान उघडलं. 'आपल्या ईमेलने लॉग-इन करा.' खाली दोन चौकोन, ईमेल आणि पासवर्ड. मामांनी दोन्ही भरले. वाय-फाय सुरू झालं. मामांनी सुविचार लिहिलेले अकरा सूर्योदय चार ग्रुपांवर पाठवले आणि समाधानाने घरी आले.

तिसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना मामांचा ईमेल आला, इंग्रजीत. 'मी मनिलामध्ये आहे. पाकीट चोरीला गेलं. ताबडतोब पैसे पाठवा.' घरातल्या एकालाही काळजी वाटली नाही. मामा स्वतःच्या पैशाने मनिलाला जाणं शक्य नव्हतं, आणि गेलेच असते तर पाकीट घेऊन गेले नसते. त्यांच्या एका चुलत मेहुण्यांनी मात्र त्या ईमेलला तत्काळ उत्तर दिलं : 'आधी २००९ चे पाचशे.' मेहुण्यांनी त्या उत्तराची प्रत आम्हा सगळ्यांना पाठवली. मामांनी दुसऱ्या दिवशी ते पाचशे देऊन टाकले. या सायबर गुन्ह्यातली वसूल झालेली रक्कम ती एवढीच.

आमची कन्या पुण्यातच संगणक-सुरक्षेच्या कामात आहे. तिने मामांना समोर बसवलं.

"आजोबा, पासवर्ड दिलातच कसा?"

"पान मॉलचं होतं."

"पानावर मॉलचं चित्र होतं."

"मग ते मॉलचंच नाही का?"

"उद्या मी तुमच्या बँकेचं चित्र छापलेला शर्ट घालून आले, तर तिजोरीची किल्ली द्याल?"

मामा विचारात पडले. "एका किल्लीने तिजोरी उघडत नाही," ते म्हणाले. "दोन लागतात. एक कॅशियरकडे, एक मॅनेजरकडे."

"तेच म्हणतेय मी! त्यालाच टू-फॅक्टर म्हणतात. पासवर्ड ही पहिली किल्ली, फोनवर येणारा कोड ही दुसरी. तुम्ही ईमेलला दुसरी किल्ली लावलीच नव्हती. आणि ती लावल्यावरही आजोबा, तो कोड असल्या पानावर भरायचा नाही. नाहीतर मॅनेजरचीही किल्ली तुम्हीच काढून दिल्यासारखं होईल."

चौतीस वर्षं दोन किल्ल्यांची तिजोरी सांभाळलेला माणूस यावर काय बोलणार? मामा गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याची घरातली ही दुसरी नोंद. पहिली सासऱ्यांच्या चेकनंतरची.

मामा ज्यात सापडले त्या प्रकाराला इंग्रजीत 'ईव्हिल ट्विन' म्हणतात, दुष्ट जुळा. जुन्या हिंदी सिनेमात जुळ्याच्या गालावर निदान तीळ असायचा. वाय-फायच्या जुळ्याला तोही नसतो. वाय-फायला काय नाव द्यायचं ते सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. त्याची नोंदणी नाही, पडताळणी नाही. मी माझ्या राउटरला उद्या 'रिझर्व्ह बँक' नाव दिलं, तर मला कुणी अडवू शकत नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी एका इसमावर आरोप ठेवले ते नेमके यासाठीच : विमानतळांवर आणि चक्क विमानातही तो खऱ्यासारखी दिसणारी खोटी वाय-फाय सुरू करायचा आणि समोर येणाऱ्या पानावर लोकांचे ईमेल आणि पासवर्ड गोळा करायचा, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आपल्या फोनचा भाबडेपणाही त्याला मदत करतो. फोन एकदा भेटलेल्या वाय-फायचं नाव लक्षात ठेवतो, आणि बिनपासवर्डचं तेच नाव पुन्हा दिसलं की आपल्याला न विचारता जाऊन बिलगतो.

मामांना हे सगळं पटलं, पण 'एकदा होतं, नेहमी नाही' या अटीवर. तेव्हा कन्येने प्रयोग करायचं ठरवलं. महिन्याभराने घरात लग्न होतं. मंगल कार्यालय दोन मजली, जाड भिंतींचं, आत रेंज नाही. कार्यालयाच्या वाय-फायचा पासवर्ड वरपक्षाला आधी दिला की वधूपक्षाला, यावरून सकाळीच एक मानापमान होऊन गेला होता. दाराजवळच्या खिडकीशी जरा रेंज येत होती. कन्या तिथे खुर्ची टाकून बसली आणि तिने आपल्या फोनचा हॉटस्पॉट उघडा ठेवला. त्याला नाव दिलं : 'मंगल फ्री वाय-फाय'.

तिने कुणाचं काही बघितलं नाही, फक्त किती जण येतात ते मोजलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तीन फोन जोडले होते. 'सावधान' तीनदा होईपर्यंत सात. अंतरपाट दूर झाला तेव्हा दहा, आणि तिथे तिच्या फोननेच हात टेकले. त्याची मर्यादा दहाची होती. जोडलेल्या फोनांची नावं तिच्या पडद्यावर दिसत होती. त्यात एक 'आईचा जुना फोन' होता, एक गुरुजींचा होता, आणि आठवा मामांचा होता.

"आजोबा, पुन्हा?"

"नावात 'मंगल' होतं," मामा म्हणाले.

प्रयोग यशस्वी झाला, पण कन्येलाही तो फुकट पडला नाही. कुणीतरी तेवढ्यात क्रिकेटचा सामना लावला होता. अक्षता पडून पंगत बसेपर्यंत तिचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला, आणि संध्याकाळी ती मामांकडे हॉटस्पॉट मागत होती. मामांनी दिला. वर, "आधी माझं नाव नीट वाचून घे," हेही ऐकवलं.

पंगतीत मामांनी एक रास्त प्रश्न काढला. "खोट्याचं सोड. खऱ्या ठिकाणी तरी फोन नंबर आणि ओटीपी कशाला मागतात? फुकट द्यायचं तर द्यावं गपचूप."

याचं उत्तर हसण्यासारखं नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. ते सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास करत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घरी. त्या घरातलं वाय-फाय पासवर्ड न लावता उघडं होतं. कुणीतरी बाहेरून ते वापरून ईमेल पाठवून गेलं होतं. पुढे २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने नियम केला, की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय जोडणी द्यायची नाही. तोच हा ओटीपी. पाणपोईच्या पेल्याला साखळी असते, ती पिणाऱ्याचा अपमान करायला नसते. आधी कुणीतरी पेला पळवलेला असतो म्हणून असते. घरच्या वाय-फायला पासवर्ड लावणं हेसुद्धा कंजूषपणाचं काम नाही. पाहुण्यांना द्यायचं तर बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट' नावाची वेगळी सोय असते. ओसरीवर बसवल्यासारखं, पाहुणा आत माजघरात येत नाही.

पण साखळी वेगळी आणि गळ वेगळा. ओळख पटवायला फोन नंबर आणि ओटीपी पुरतो. काही दुकानांना त्याखेरीज ईमेल, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस हवा असतो. याला मराठीत फार जुनं नाव आहे : आवळा देऊन कोहळा काढणे. अर्धा तास फुकट वापराच्या बदल्यात मामांना आजतागायत तळेगावातल्या प्लॉटविषयी फोन येतात. एक फायदा मात्र झाला. लग्नाचा वाढदिवस मामांच्या कधीच लक्षात नसायचा. आता कपड्यांचं एक दुकान दर वर्षी सकाळी आठला मेसेज पाठवून त्यांना सावध करतं. मामी दोन वर्षं भारावलेल्या होत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी फोन बघितला.

आता सार्वजनिक वाय-फायला किती भ्यावं? कन्येचं म्हणणं असं, की पूर्वी भ्यायला हवं होतं तेव्हा कुणी भीत नव्हतं, आणि आता लोक भलत्याच गोष्टीला भितात. २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने 'फायरशीप' नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन फायरफॉक्स ब्राउझरसाठी प्रसिद्ध केलं. उघड्या वाय-फायवर बसलेला कुणीही ते वापरून शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फेसबुक खात्यात शिरू शकत असे. संकेतस्थळांनी लॉग-इननंतरचा सगळा व्यवहार कुलूपबंद करावा म्हणून त्याने ही गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडली होती. आज बहुतेक संकेतस्थळं आणि ॲपं ही 'एचटीटीपीएस'वर चालतात. म्हणजे पत्र पाकिटात घालून, डकवून जातं. वाटेतल्या माणसाला पत्ता दिसतो, मजकूर दिसत नाही.

पण पाकीट कितीही घट्ट डकवलं, तरी ते चोराच्याच पत्त्यावर गेलं तर काय? ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगायचं, की वाटेत कुणी वाचणार नाही. समोरचा सज्जन आहे, असं ते कधीच सांगत नव्हतं. लोक मात्र तसंच समजत. म्हणून २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकलं. दारावर कुलूप बघून 'घर चांगल्या माणसाचं दिसतंय' म्हणणाऱ्यांपुढे दुसरा इलाजही नव्हता.

व्हीपीएनचं काय, असं हल्ली सगळेच विचारतात. व्हीपीएन म्हणजे मेणा. पडदे सोडलेले, आत कोण बसलंय, काय करतंय, रस्त्यावरच्याला दिसत नाही. सोय चांगली आहे. पण मेणा कुठून कुठे गेला हे भोयांना माहीत असतं, तेव्हा भोई खात्रीचे हवेत. फुकट मेणा वाहणारे भोई दिसले, की त्यांचं पोट कशावर भरतं हा प्रश्न मामांनी पाणपोईवर विचारावा तसा विचारायला हवा.

शेवटी कन्येने मामांना नियम सांगायचा नाद सोडला. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही पाणपोईवर पाणी पिता तस्संच प्या." आणि मामांना ते एका क्षणात कळलं.

पाटी वाचायची : वाय-फायचं नेमकं नाव काय, ते यादीत बघून ठरवायचं नाही, काउंटरवरच्या माणसाला विचारायचं. पेला उजेडाकडे धरायचा : 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा आला, तर 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, मागे फिरायचं. पेल्यात गाळ दिसल्यावर आपण डोळे मिटून पितो का? ओठ लावायचे नाहीत : बातम्या वाचा, गाडी किती लेट आहे ते बघा, गाणी ऐका; पण ईमेलचा पासवर्ड, कार्डाचा नंबर, आधार क्रमांक वाय-फायच्या पानाला द्यायचा नाही, ते सांगेल ते ॲप उतरवायचं नाही, आणि पैशाचा व्यवहार करायचा तर वाय-फाय बंद करून आपल्या स्वतःच्या डेटावर करायचा. आणि पिऊन झालं की पेला जागेवर ठेवायचा : फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या वाय-फायला 'विसर' म्हणायचं आणि आपोआप जोडण्याची सोय बंद करायची. फोनच्या सॉफ्टवेअरचे अपडेट आले की ते घरीच, घरच्या वाय-फायवर, लगेच करून टाकायचे.

मामा आता मॉलमधल्या शाखेत जातात ते आधी मदत-कक्षाकडे. तिथल्या मुलीला रोज नाव विचारतात, वाय-फायचं. ती रोज तेच सांगते. मामा रोज चष्मा लावून ते फोनवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघतात, एखादी वेलांटी जास्त वळलेली नाही ना, याची खात्री करतात, आणि मगच जोडतात. परवा एक अक्षर वेगळं दिसलं म्हणून त्यांनी वाय-फाय नाकारलं. मॉलनेच नाव बदललं होतं, हे नंतर कळलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. सासऱ्यांची सही पण खरीच होती, ते म्हणाले.

एवढं करूनही कधी ठसका लागलाच, कुणी खात्यातले पैसे काढलेच, तर लाजेने गप्प बसू नका आणि 'उद्या बघू' म्हणू नका. लगेच आपल्या बँकेला कळवा आणि १९३० हा नंबर फिरवा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारने तो सुरू केला आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितके पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर टोल-फ्री आहे. फुकट, आणि या एका बाबतीत पौष्टिकही.